कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या

थेटरातल्या तिकीटखिडकीचं भोक हात जाईल एवढंच. काचेला आतून रंग दिलेला, त्यामुळे आत बसलेल्या बाईला माणूस दिसत नाही, नुसता हात दिसतो. त्या खिडकीमागे वहिनींची बावीस वर्षं गेली. हात बघून त्या सांगायच्या, हा नवा लग्नाचा, हा घरी थाप मारून आलेला. डोअरकीपर मामा म्हणायचे, ज्योतिषाला रेषा तरी लागतात, आमच्या वहिनींचं नखावर भागतं.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. पेटी घेऊन दिवसभर दुकानं हिंडायची. माणूस सरळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण बोलणं तोळ्यामाशानं. आई गेली तेव्हाही डोळ्यांत टिपूस नाही. लेक सासरी निघाली, घरदार रडलं, हा टेम्पोत कपाट नीट बांधलंय का बघत होता. वहिनींनी मनाशी ठरवून टाकलं होतं, लाकूड आहे, लाकडाला पाझर कुठला फुटायचा. पिक्चरला चला म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं : तू तर रोज फुकट बघतेस. खरं तर वहिनी पिक्चर बघत नव्हत्या, भिंतीपलीकडून ऐकत होत्या.

सोमवारी त्यांची सुट्टी. त्या सोमवारी बदलीवाली तापानं पडली म्हणून ऐनवेळी निरोप आला आणि दुपारच्या खेळाला वहिनी येऊन बसल्या. नवरा सकाळीच बाहेर पडलेला, त्याला सांगणार कधी? पिक्चर नवरा, बायको आणि तिसरीचा होता. बायका नाक ओढत बाहेर पडायच्या.

भोकातून एक हात आत आला. नखांत वंगण, अंगठ्यावर स्प्रिंग लागल्याचा जुना व्रण.

"दोन. कोपऱ्यातल्या."

वहिनींनी दोन तिकिटं फाडली. मागून बाईचा आवाज आला, उशीर नाही ना झाला? तो म्हणाला, "नाही गं." असा गं घरात ऐकून किती वर्षं झाली, ते वहिनींना आठवेना.

खिडकी बंद करून त्या आत निघाल्या. मामांनी सगळं बघितलं होतं. म्हणाले, वहिनी, आत फार उकडतंय, नका जाऊ. त्या गेल्या. बाजूच्या दाराच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. पडद्यावर बायको नवऱ्याची बॅग भरत होती, एकेक सदरा घडी करून. आणि शेवटच्या रांगेत वहिनींचा नवरा रडत होता. खांदे गदगदत होते. शेजारी नाक्यावरच्या बेकरीतली बाई. वहिनींपेक्षा थोराड, केस पांढरे, रूपानं बेताची. पडद्यावरची नजर न काढता तिनं रुमाल पुढे केला, रोजचंच असल्यासारखा.

बाई आहे, हे वहिनींनी एक वेळ गिळलं असतं. हा रडतो, हे गिळवेना.

संध्याकाळी त्यांनी तोंडावर विचारलं. त्यानं नाकारलं नाही. उद्यापासून त्या रस्त्याला जात नाही म्हणाला आणि शब्द पाळला. नणंद येऊन सांगून गेली, दावं तोडून गेलेला बैल आपण होऊन गोठ्यात आला, आता कशाला उकरतेस, झाकली मूठ राहू दे. पण वहिनींच्या घशाखाली घास उतरेना. परत आलेला नेमका कोण, हेच कळत नव्हतं. पंधरवड्यानं त्या म्हणाल्या, मला तो पिक्चर दाखवा.

तो इस्त्रीचे कपडे घालून आला. शेवटची रांग, कोपरा. वहिनींनी मुठीत रुमाल धरून ठेवला होता. पडद्यावर बॅग भरायला सुरुवात झाली तशा त्या वळून त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. त्याचे डोळे कोरडे ठक्क. तो वाकून हळूच म्हणाला, पाणी आणू का तुला?

"रडा ना हो," वहिनी म्हणाल्या. "मी बघत नाही."

"तुझ्यासमोर येत नाही."

"मग तिच्यासमोर कसं येतं?"

तो पडद्याकडे बघत सांगू लागला. आईला जाऊन चारच दिवस झाले होते. बेकरीत काटा बघायला गेला. बाईनं विचारलं, चेहरा का असा? एवढंच विचारलं. तो पिठाच्या पोत्यावर बसला आणि अर्धा तास रडला.

वहिनींना ते चार दिवस आठवले. आल्यागेल्याचा चहा, उसनी आणलेली अंथरुणं, सगळं त्यांनी एकटीनं निभावलं होतं. त्याला मात्र काही विचारलं नव्हतं.

"जा तुम्ही तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "रागानं नाही म्हणत."

पुढच्या रांगेतला एकजण वळून म्हणाला, अहो, घरी जाऊन भांडा की.

"आणि तुझं काय?" नवऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं.

वहिनींनी मुठीतला रुमाल स्वतःच्याच तोंडाला लावला. हुंदका आला तो दाबता दाबेना. नवरा शेजारी अवघडून बसून राहिला, हात कुठे ठेवावा ते न कळून.