श्रावणातला ड्रॅगन

एकीकडे राज्य जळत असताना दुसरीकडे एका म्हातारीच्या हरवलेल्या तीन कोंबड्या हुडकत रानात हिंडणारा योद्धा त्रिभुवनात एकच झाला आणि तो बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे साडू. वय सत्तावन्न, विम्याच्या कचेरीत नोकरी, डाव्या गुडघ्याला पट्टा. तलवारी, चेटकिणी आणि बोलके लांडगे असलेला एक व्हिडिओ गेम आहे. त्याचे तीन भाग येऊन गेले. तिसऱ्या भागाच्या शेवटी एक ड्रॅगन मारायचा असतो, की संपलं. लोक दोन महिन्यांत मोकळे होतात. साडू आठ वर्षं आतच आहेत, कारण गावातल्या कोणी काम सांगितलं की त्यांना नाही म्हणवत नाही. लोहाराला कोळसा आणून दे, पुजाऱ्याची घंटा शोध. "साडू, ड्रॅगन कुठे पळून जातोय?" मला म्हणतात. "लोहाराची भट्टी थंड पडलीय त्याचं काय?"

या गेममध्ये दुसऱ्याच्या घरात शिरून पेट्या उचकटायची सर्रास पद्धत आहे. साडू दारात उभे राहून घरमालकाची वाट बघतात. देवळात शिरायचं तर योद्ध्याचे लोखंडी बूट बाहेर काढून ठेवतात. एकदा असे अनवाणी आत गेले आणि खांबामागून निघालेल्या भुताने पायावरच वार करून त्यांना मारलं. "तरी बूट घालून गेलो नाही," हे वर अभिमानाने. आणि श्रावणात शिकार बंद. रानडुक्कर अंगावर आलं तर महिनाभर झाडाभोवती पळतात. मी हसायला नको खरं तर. मला त्यांनी एकदा खेळायला दिलं, तेव्हा मी पाऊण तास एका भिंतीकडे तोंड करून चालत होतो आणि मागे फिरलो तो थेट विहिरीत.

दर रविवारी या गेमचं वेड लागलेली मंडळी त्यांच्याकडे जमतात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. घाटकोपरची रिद्धी त्यांची म्होरकी. माझी मेहुणी त्यांना वडे तळून घालते आणि साडू न विचारता सल्ले देतात.

एका बुधवारी रिद्धी बातमी घेऊन आली. चौथा भाग येतोय. आपला जुना योद्धा घेऊन सगळ्यांबरोबर त्यात जायचं तर ठरल्या दिवसाआधी तिसरा भाग संपवलेला हवा. श्रावण तर लागलेला, आणि तो दिवसही ऐन श्रावणातच.

"काका, वाट लागली," रिद्धी म्हणाली.

"श्रावण संपला की मारतो ना."

"तोपर्यंत दार बंद होणार, काका. आम्ही सगळे पुढे आणि तुम्ही एकटेच मागे."

मेहुणी आतून म्हणाली, "अहो, पडद्यावरचा ड्रॅगन तो. त्याला काय कळतोय श्रावण?"

"मला कळतो ना," साडू म्हणाले.

चार दिवस घरात हीच चर्चा. साडूंचं जेवण निम्म्यावर आलं. शेवटी रविवारी सकाळी, पोरं जमलेली असताना, त्यांनी कुडाळला आईला फोन लावला. वय शहाऐंशी, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि आवाज जिन्यापर्यंत.

"आये, श्रावणात एक मोठा जनावर मारला तर चलात?"

"घरात इला काय?"

"नाय गे, टीव्हीत आसा. पंख आसत, आग ओकता. गावच्या गाव जाळता."

"मगे कोणाची वाट बघतंस? मार. पण खाव नको. आणि मारून झाल्यार आंघोळ कर."

निकाल लागला. तरी साडूंनी आधी गावात घरोघर जाऊन कोणाचं काही काम राहिलंय का ते पाहिलं. रिद्धी घड्याळाकडे बघून नखं खात होती. दोनदा ड्रॅगनने साडूंना भाजून काढलं. तिसऱ्यांदा तो डोंगराएवढा देह कोसळला आणि त्या छोट्या दिवाणखान्यात अकरा पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. रिद्धी चक्क साडूंच्या पाया पडली. मी आनंदाच्या भरात कोणाचा तरी वडा खाल्ला. साडू मात्र टॉवेल घेऊन सरळ न्हाणीघरात.

ओल्या डोक्याने बाहेर आले तेव्हा पोरं गच्चीत जाऊन चौथ्या भागाचे बेत करत होती. साडूंनी पुन्हा गेम हातात घेतला आणि लोहाराकडे गेले. "तुमचे उपकार विसरणार नाही," लोहार म्हणाला. पुजारी तेच म्हणाला. म्हातारी तेच म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं, तरी तेच.

"साडू," ते हळूच म्हणाले, "कोणालाच काही नकोय."

"चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"चांगलंच झालं."

गच्चीतून रिद्धीने हाक मारली. साडू "आलो गं" म्हणाले, पण उठले नाहीत. त्यांनी योद्ध्याला गावाबाहेरच्या एका दगडी पारावर नेलं, तलवार बाजूला ठेवली आणि त्याला खाली बसवलं. समोर ऊन होतं, शेतं होती. मी टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," साडू म्हणाले. "बसू दे त्याला जरा. आठ वर्षं उभाच होता."