आधी पिल्लू, मग बांगडे

तोंडवलीच्या तिठ्यावर मासे विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. तेवढी हिंमत कोणात होती? होडीखाली सापडलेलं कुत्र्याचं एक पिल्लू त्यांनी चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणलं, आणि त्याला माणसांची सवय लावायचं काम परस्पर आम्हा गिऱ्हाइकांवर टाकलं. आधी पिल्लू हातात घ्यायचं, मगच मासे मिळायचे. शाळेत एवढी शिस्त मला कधी आणता आली नाही.

मी निवृत्त हेडमास्तर. जन्मभर मुलं मला घाबरली आणि मी कुत्र्यांना.

"अहो, मला फक्त बांगडे हवेत," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"ह्या पिल्लाक तरी तुमी खंय होये?" विळीवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या. "पण सवय करूची लागता. धरा."

पिल्लाने माझ्या इस्त्रीच्या शर्टावर मुतून सवय करायला सुरुवात केली. पुढे महिनाभर रोज हा समारंभ चालला. मी नाक मुरडून घ्यायचो, ते माझी हनुवटी चाटायचं, बाई मासे कापायच्या.

मग कुडाळचं एक कुटुंब त्याला घेऊन गेलं. "कोणाक भियणा नाय ता," बाईंनी त्यांना हमी दिली. "मास्तरांक सुदीक नाय."

सुटलो, म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्याकडून पिशवी घेतली, थेट बांगडे भरले आणि पिशवी माझ्यासमोर ठेवली. मी उभाच. त्यांनी पहिल्यांदाच विळीवरून नजर वर केली.

"हात पसरून उभे कित्याक, मास्तर? गेला ता."