पहिला बार

नातवाने बॅटीला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासासरशी मी पुन्हा नशिराबादच्या माळावर, त्याच तेलाने चोळलेल्या दस्त्याची रायफल घेऊन पालथा पडलो.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. ग्रामरक्षक दलाचा सराव चालला होता आणि त्या दिवशी तुकडीचा म्होरक्या निवडायचा होता. मलाच व्हायचं होतं. आम्ही दबा धरून होतो. कपाशीतून ‘शत्रू’ झालेली पोरं येताना दिसली आणि हुकमाची वाट न पाहता मी खोट्या काडतुसाचा बार काढला.

शिकवणारे धुळ्याकडचे हवालदार नाना ओरडले, “वा रे शूरा! तू कोठे शे, बठ्ठासले समजनं. ऊठ, तू मरी गया!”

मी कुठे दडलोय ते सगळ्यांना कळलं होतं; सगळे हसले. म्होरक्या झाला तो ढिम्म पडून राहिलेला माझा शेजारी.

पुढे रुमालाखाली बोटं दाबून कापसाचे सौदे करताना, समोरच्याने भाव दाखवेपर्यंत माझं बोट कधी हललं नाही. त्यावरच घर उभं राहिलं. तरी नानांवरचा राग जात नाही. ती पोरं सगळ्यांत आधी मीच पाहिली होती.