हौदावरची सोजर

वैशाखातली दुपार. द्वारकाबाई फरशीवर जुनेर अंथरून आडव्या झाल्या आहेत. पंख्याचा आवाज आधी कानाशी येतो, मग लांब जातो, मग पुन्हा जवळ येतो. डोळे अजून पुरते मिटलेले नाहीत. पापण्यांच्या फटीतून बाटल्या दिसताहेत. एकेचाळीस बाटल्या, भिंतीशी ओळीनं मांडलेल्या. ज्यांचं बूड गोल आहे त्या आडव्या, बाकीच्या उभ्या. सगळ्या सोड्याच्या, सगळ्या रिकाम्या. बार्शीच्या कॉलेजानं लहानसं संग्रहालय काढलंय, तिथं त्या द्यायच्या ठरल्यात. सकाळपासून द्वारकाबाई प्रत्येकीच्या गळ्यात एकेक चिठ्ठी बांधत होत्या: बाटली कधीची, कुठली, बूच कसलं.

मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळा सांभाळली, त्यामुळे काच त्यांना कळते. साच्याचा सांधा कुठवर येतो, ओठ नंतर जोडलाय की अंगचाच आहे, हे त्या नुसता अंगठा फिरवून सांगतात. लोकांना ती हौस वाटते, आणि त्याही लोकांना तसंच वाटू देतात.

खरं कारण सोजर. सोजर म्हणजे त्यांची आई. ती गुंडाप्पांच्या सोडा फॅक्टरीत बाटल्या धुवायची. द्वारका तीन वर्षांची असताना, मामाचं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना, भरायच्या यंत्रात एक बाटली फुटली. सोजर शेजारीच उभी होती. काच गळ्यात शिरली. दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं आटोपलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. फोटो एकही नाही. मामानं लग्नानंतर द्वारकाला वाढवलं, शिकवलं, पण बहिणीचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा. मग मोठी झाल्यावर द्वारका भंगाराच्या दुकानांतून गुंडाप्पांच्या बाटल्या शोधू लागली. आईचा चेहरा आठवत नाही, तर निदान तिच्या हातांखालून गेलेलं काही घरात असावं, एवढंच.

पंखा थांबतो. घशाला कोरड पडली आहे म्हणून द्वारकाबाई उठतात आणि स्वयंपाकघराचं दार ढकलतात. आत शाळेची प्रयोगशाळा आहे. लांबच लांब टेबलं, आणि कोणीतरी नळ चालू ठेवून गेलंय. मुलींना किती वेळा सांगायचं, असं मनाशी म्हणत त्या नळ बंद करायला जातात. बेसिन खोल आहे. ते दगडी आहे. तो हौद आहे, आणि कोपरापर्यंत पाण्यात हात घालून एक बाई बाटल्या घासते आहे.

"मावशी, पानी पायजे का?" ती विचारते.

आतून पुरुषाचा आवाज येतो. "सोजर, हात चालव. गाडी यायची वेळ झाली."

द्वारकाबाई हौदाचा कठडा धरतात. आपण बासष्ट वर्षांच्या आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ही आपल्याला मावशी म्हणते आहे, हेही कळतं. त्यांची नजर तिच्या हातांवर जाते. मनगटापासून वर हिरवाकंच चुडा, बांगडी न् बांगडी नवी.

"कालच भरल्या," ती सांगते. "परवा भावाचं लगीन हाय."

परवा. म्हणजे आज तो दिवस.

आत यंत्राचं चाक फिरायला लागलं आहे. बाटली उलटी धरून त्यात पाणी आणि गॅस भरतात, मग दाबानं आतली काचेची गोटी गळ्याशी येऊन रबराच्या कड्यावर बसते आणि तेच तिचं बूच. हे द्वारकाबाईंनी शेकडो मुलींना समजावून सांगितलंय. काच कुठं कच्ची असली की हा दाब ती सोसत नाही, हेही सांगितलंय. हौदाच्या कडेला चोवीस बाटल्यांचं खोकं भरून तयार आहे. त्यातलीच एक.

"हे खोकं आत न्यायचं नाही," द्वारकाबाई म्हणतात. "मला एकेक बघू दे."

सोजरला गंमत वाटते. कुणाच्या कोण तुम्ही, असं विचारते, पण खोकं पुढं सरकवते. म्हातारं माणूस आहे, बघेना का.

द्वारकाबाई पहिली बाटली उजेडात धरतात. फॅक्टरीला छप्पर नाही. वर एस.टी. स्टँडाचे पत्रे दिसतात आणि त्यांच्या फटींतून ऊन येतं. त्या नखानं टिचकी मारतात. खणखणीत. दुसरी. तिसरी. एक अंड्याच्या आकाराची निघते, गळ्याला खळगे नाहीत, आत गोटी नाही. ही तुमची नव्हे, त्या सांगतात, ही फार जुनी, हिला लाकडी बूच बसायचं, बूच वाळू नये म्हणून आडवी ठेवायची. सोजर म्हणते, म्हंजी म्हनूनच ती उभी ऱ्हात न्हाई व्हय, मी रोज तिला शिव्या देते. एकीच्या गळ्याला तारेचं कडं आहे आणि चिनी मातीचं बूच लोंबतंय. तीही बाजूला. बाकी सगळ्या गोटीच्या. द्वारकाबाई घाईनं पण नीट बघताहेत. बुडातले बुडबुडे, खांद्याची जाडी, गळ्यातले दोन खळगे. आयुष्यभर जे शिकलं ते सगळं बोटांत गोळा झालंय. बाजूला सोजर काहीबाही बोलते आहे, हसते आहे. आतून पुन्हा हाक येते.

एकोणिसावी बाटली टिचकीला बद्द वाजते.

त्या ती उन्हात फिरवतात. खांद्यापाशी केसाएवढी चीर आहे. अंगठ्याला लागत नाही, डोळ्याला मात्र दिसते. द्वारकाबाई ती बाटली हौदाच्या कठड्यावर आपटतात. काच पाण्यात सांडते.

"मालक बोलतील की वो," सोजर म्हणते. पण रागानं नाही.

आतलं चाक थांबलेलं आहे. कोणी हाक मारत नाही. नळाचं पाणीही थांबलंय. आता वेळच वेळ आहे, असं द्वारकाबाईंना वाटतं, आणि त्या खोक्यावर बसतात.

तेव्हा त्यांच्या लक्षात येतं, की इतका वेळ आपण काच बघत होतो. तिच्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही.

त्या वळायला जातात. पण सोजर मागं येऊन बसली आहे आणि तिनं त्यांचा अंबाडा सोडलाही आहे. "सगळा इस्कटलाय," ती म्हणते. "गप बसा. म्होरं बघा." ओली बोटं डोक्यावरून फिरतात. केसांचे तीन पेड होतात. द्वारकाबाई मान वळवू बघतात तशी ती हलकेच हनुवटी धरून पुन्हा समोर करते.

समोर मामाचं अंगण आहे. मांडवाचे वासे आणून टाकलेत, अजून उभे केलेले नाहीत.

"तुला मुलगी आहे ना?" द्वारकाबाई विचारतात.

"हाय की. तीन वर्साची. लई हट्टी." बांगड्या कानाशी किणकिणतात. "माजी बोटं धरून झोपती. सकाळी येकेक बोट सोडवून यावं लागतं कामाला."

वेणी मानेखाली उतरते. अर्ध्यावर येते. केस आता कितीसे उरलेत, लौकरच संपतील. द्वारकाबाईंना सगळं सांगायचं आहे: मामानं नीट वाढवलं, शाळेत चांगली नोकरी होती, त्या बाटल्या घरात का आहेत. यातलं काहीच तोंडातून निघत नाही. फक्त एक शब्द निघतो, जो त्यांनी कळत्या वयात कुणालाच उद्देशून उच्चारलेला नाही.

"आई."

मागची बोटं थांबतात.

"काय गं?"

पंखा फिरतो आहे. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरून बाटल्यांपर्यंत आलंय. द्वारकाबाई फरशीवर पडून आहेत. मग त्या कोपरावर उठतात. दाराची कडी आतून लावलेली आहे. घरात दुसरं कोणी नाही, गेली नऊ वर्षं नाही.

उठताना काहीतरी खांद्यावरून पुढं येतं. वेणी. घट्ट तीनपेडी, कपाळाशी केस ताणलेले, शेंड्याला केसांचीच गाठ. द्वारकाबाई ती हातात घेतात. वरचे पेड वाळायला आलेत, शेंडा अजून ओला आहे.

त्या तो ओला शेंडा मुठीत धरतात. मग रिकाम्या खोलीत, लहान आवाजात उत्तर देतात.

"काय न्हाई. नुसती हाक मारली."