मस्कत ते मुंबई अडीच तास

वाडीचे मुंबईकर हो, शिमग्याला "काकी, पोचल्यावर फोन करतो" बोलून गेलात. पोचलात की अजून वाटेतच? असू दे. मी सांगतेय, नात लिहितेय, तेवढं वाचा.

माझी धाकटी जाऊ आज पहाटे गेली. तिचा एकुलता संतोष मस्कतला कामाला. फोनवर बोलला, "काकी, माझ्यासाठी थांबू नका."

नातीने मोबाईलवर बघितलं, मस्कत ते मुंबई विमानाला अडीच तास. मीच त्याला दटावलं, "एवढ्यात तर आपली एसटी पनवेलपण गाठत नाय. निघ मुकाट्याने, तू येईपर्यंत आईला ठेवतो."

साहेबाने सुट्टी द्यायला दुपार केली. विमान मिळालं ते त्याच्याही नंतरचं. हे मोबाईल सांगत नाय, आणि मला सुचलं नाय.

दिवस कलला तशी जाणती माणसं उठली. "आता किती थांबायचं गो?" माझ्या मुलाने अग्नी दिला.

आत्ताच संतोषचा मुंबईत उतरून फोन आला. "काकी, थांबलात ना?" मी बोलले, "सावकाश ये." पुढे जीभ रेटली नाय. तुमची रेटली असती का?

तो या ग्रुपवर नाय. कोणी कळवू नका, अंगणात आला की मीच सांगेन.

पनवेलकरांनो, त्याची गाडी तुमच्याकडूनच येईल. इथे चूल बंद हाय, आणि तो सकाळपासून उपाशी असेल. नाचणीची भाकरी आणि बिनफोडणीची डाळ डब्यात घालून त्याच्या हातात द्या. आईचं विचारलं, तर आधी जेव म्हणा.