कुंकू लागलेला कॅमेरा

आनंदा जगदाळ्याला कुणी विचारलं, "काय काम करता?" तर तो सांगायचा, "एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे." पण सांगण्याची तऱ्हा अशी, जणू ते काम दुसऱ्याच कुणाचं आहे आणि हा तेवढ्यापुरतं सांभाळून देतोय. त्याचं खरं काम रविवारचं. उजाडायच्या आत खांद्याला कॅमेरा, डब्यात बायकोनं, नर्मदेनं दिलेल्या दशम्या, आणि मोटारसायकल बोईसरहून थेट मुरब्याच्या नाहीतर नवापूरच्या किनाऱ्याला. माणूस कऱ्हाडकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला आल्यावर. पण ओहोटीला कुरव पक्षी कुठे उतरतात, होडी कुठल्या अंगानं खाडीत शिरते, हे आता त्याला तोंडपाठ. कॅमेरा मात्र जुनाच. पकडीचं रबर निघालेलं, तिथं नर्मदेनं काळं कापड चिकटवून दिलेलं. बटन दाबलं की पूर्वी 'खट्' व्हायचं, आताशा 'खर्र' व्हायला लागलं होतं. "दमा लागलाय त्याला," आनंदा म्हणायचा आणि कापडावरून हात फिरवायचा.

कुंदन चौधरी हा त्याचा चेला. जळगावकडचा, तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला, वसाहतीत राहणारा. त्याला कॅमेरा धरायला आनंदानंच शिकवलं. "श्वास कोंडून धरू नकोस. सोडता सोडता बटन दाब." सुरुवातीला दोघं एकाच गाडीवर जायचे. मग कुंदननं आनंदाच्याच कंपनीचा कॅमेरा घेतला, म्हणजे लेन्सा एकमेकांच्या वापरता येतील. मग एक लेन्स घेतली, मग दुसरी, मग हातभर लांबीची, उडत्या पाखराच्या डोळ्यातलं पाणी दाखवणारी. "दादा, लावून बघ ना तुझ्या कॅमेऱ्याला," असं कुंदन दर वेळी म्हणायचा. "नको, माझं माझं बरं आहे," असं आनंदा दर वेळी म्हणायचा आणि घरी येऊन उगाच नर्मदेवर करवादायचा, की आमटी खारट झालीय.

पालघरला प्रदर्शन भरलं तेव्हा दोघांनी फोटो दिले. आनंदाचा होता सूर्योदयाचा. कुंदनचा होता ठकीचा. ठकी म्हणजे मुरब्याची सुकी मासळी विकणारी म्हातारी. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेत, आणि त्यांच्या फटीतून ती कुणाला तरी शिव्या घालतेय, असा तो फोटो. पहिलं बक्षीस त्याला. आणि गंमत अशी, की तो फोटो निघाला तेव्हा आनंदा तिथंच, चार पावलांवर, समुद्राकडे तोंड करून उभा होता. परसातल्या विहिरीला पाठ करून रानभर पाणी शोधावं, तसं झालं ते.

पुढच्या रविवारी तो एकटाच मुरब्याला गेला. ठकीनं टोपलीमागूनच हाक मारली, "येकटंच आलं? कुंदनभाव नाय आला?"

"का, मी चालत नाही का?"

"चालता की! पन त्यानं माजा फोटू आनून दिला, काचंत घालून. सुनंनं देवाच्या बाजूला टांगलाय. जिती हाय तवरच देवाशेजारी बसवलं माला!" ती खदखदून हसली. मग बोट नाचवत म्हणाली, "तुमी एवडी वरसं येता, आमची तोंडा घेऊन जाता, परत काय नाय आनीत."

आनंदाला यातलं पुढचं वाक्य ऐकूच गेलं नाही. देवाच्या बाजूला कुंदननं काढलेला फोटो टांगलाय, एवढंच त्यानं घरी नेलं आणि आठवडाभर ते कुरतडत बसला.

अशात नवरात्र बसलं. चौथ्या माळेला कुंदनची बायको भाग्यश्री ओटी भरायला नर्मदेकडे आली. ओटी झाली, साखर तोंडात पडली, तरी ती घुटमळत राहिली.

"भाऊजी, एक काम होतं. ह्यांना पन्नासावं लागतंय. जुना कॅमेरा आता दुरुस्त होत नाही म्हणतात, नवा घेऊन द्यायचं मनात आहे. दसऱ्याला. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि दुकानदार तर जे खपत नाही तेच गळ्यात मारणार. इतकी वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला कुठला द्यावा? तुम्ही सांगाल तोच."

"त्यांनाच विचार की."

"मग अप्रूप काय राहिलं! आणि ते तरी कुणाला विचारणार? तुम्हालाच ना!"

आनंदाला काही विचारायची गरज नव्हती. कुंदनचा उजवा खांदा आखडलेला, म्हणून वजनाला हलका हवा. ओल्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात उभा राहतो, म्हणून आत ओल न शिरणारा हवा. पाखरांच्या मागे असतो, म्हणून फोकस झटकन पकडणारा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, घरात लेन्सांचं कपाट भरलेलं, म्हणून कंपनी तीच हवी. त्या कंपनीचा नवा, आत आरसा नसलेला 'मिररलेस' कॅमेरा घ्यायचा, सोबत एक छोटी रिंग, की जुन्या सगळ्या लेन्सा चालू. सरळ उत्तर होतं आणि ते जिभेच्या टोकावर होतं. तो स्वतः दोन वर्षं मोबाईलवर त्याच कॅमेऱ्याची चित्रं बघत झोपी जात होता.

तेवढ्यात मनातल्या मनात तो कॅमेरा त्याला कुंदनच्या गळ्यात दिसला. पाठोपाठ आणखी एक बक्षीस, आणखी एक काचेतला फोटो. आणि त्याच्या तोंडून भलत्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचं नाव बाहेर पडलं.

"उत्तम आहे," तो म्हणाला. "हलका आहे. खारं वारं सोसतो. डोळे झाकून घे."

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. कॅमेरा खरंच उत्तम होता. फक्त कुंदनची एकही लेन्स त्याला नीट चालणार नव्हती.

भाग्यश्री गेल्यावर नर्मदा वाती वळत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "अहो, तुमचं भिंग त्यांच्या कॅमेऱ्याला बसतं ना? तसं ह्या नव्याला बसेल का हो?"

"जोडणी मिळते बाजारात."

"मग ती जोडणी तिला का नाही सांगितली?"

"ती काय उपयोगाची! पाखरू उडून घरी जाऊन जेवेल, तोवर फोकस व्हायचा नाही," आनंदा फटकन बोलून गेला. बोलल्यावर त्याला कळलं, की आपण काय बोललो.

नर्मदेनं वात अर्धीच ठेवली. "घरात अखंड दिवा आहे. मला काही सांगू नका. जे सांगायचं ते तिला सांगा," आणि घटाकडे बोट दाखवून ती उठून गेली.

त्या दिव्यासमोर जेवायला बसायचं म्हणजे आनंदाला शिक्षा झाली. देवी काही बोलत नव्हती, नर्मदाही बोलत नव्हती. दोघींचं संगनमत असावं असं त्याला वाटायला लागलं. शेवटी त्यानं पालघरच्या दुकानात फोन लावला. खरेदी झाली होती, पण दुकानदार म्हणाला, "सील फोडलं नसेल तर बदलून देतो." आनंदाला हायसं वाटलं. भेट दसऱ्याला द्यायची आहे. आदल्या दिवशी सकाळी जाऊ, भाग्यश्रीला गुपचूप सांगू की आपलं चुकलं, आणि खोकं बदलून आणू. मुद्दाम केलं हे सांगायची गरजच काय?

आदल्या दिवशी सकाळी त्यानं आपली पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले, शेजारी दम्याचा कॅमेरा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि गाडीला किक मारली. एवढं सगळं हातानं करूनही त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही.

उजेड पडला तो कुंदनच्या दारात. खंडेनवमी! नवं हत्यार घरात आलं की ते आज पुजल्याशिवाय उद्या हातात कोण घेणार? भाग्यश्रीनं पहाटेच नवऱ्याला उठवून खोकं त्याच्यासमोर फोडलं होतं. पाटावर लाल कापड, त्यावर कुंदनच्या साऱ्या लेन्सा ओळीनं, आणि मधोमध नवा कॅमेरा. त्याच्या काळ्या कुळकुळीत अंगावर कुंकवाचं बोट ठसठशीत उठलेलं. असा कुंकू लागलेला कॅमेरा कुठला दुकानदार परत घेणार?

"या भाऊजी, अगदी वेळेवर आलात!" भाग्यश्री म्हणाली. "ह्यांचं म्हणणं, फूल दादानंच वाहायचं. गुरू ना तुम्ही!"

आनंदानं फूल वाहिलं. नमस्कार झाला आणि कुंदननं पोरासारखी घाई करत लांब लेन्स उचलून कॅमेऱ्याला लावायला घेतली. फिरवली. पुन्हा फिरवली. मग थांबला आणि कॅमेऱ्यावरचं नाव त्यानं पहिल्यांदा नीट वाचलं.

"नाही बसत का हो?" भाग्यश्रीचा चेहरा उतरला. "भाऊजी, तुम्हीच तर..."

"अगं, दादानं विचार करूनच सांगितलं असेल," कुंदन घाईनं म्हणाला. "माझा खांदा बघितला असेल त्यानं. हे ओझं वाहायचं बंद कर म्हणतोय तो. बरोबर ना, दादा? मग ही लांब लेन्स तूच घेऊन जा. तुझ्याला बसते."

सुटायला दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती, की अब्रूही राहत होती आणि वर लेन्सही मिळत होती. पण आनंदाला त्या घडीला सगळ्यांत जास्त कशाचा हेवा वाटला असेल, तर तो कुंदनच्या मनाचा. म्हणजे यातही हाच पुढे!

"विचार करूनच सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्या लेन्सा बसू नयेत, हाच विचार केला."

उंबऱ्यावरच्या रांगोळीकडे बघत त्यानं ते सांगितलं. भाग्यश्रीनं हातातलं तबक खाली ठेवलं. "आणि मी तुमच्या घरी देवीची ओटी भरून विचारलं होतं," एवढंच बोलून ती आत गेली. कुंदननं लांब लेन्स फडक्यानं पुसली, तिच्या डब्यात घातली आणि डबा बंद केला. "चहा घेऊन जा," तो म्हणाला. पण चहा काही आला नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला कुणी कुणाकडे गेलं नाही. दिवाळीही तशीच गेली.

थंडी पडली आणि कुरवांचे थवे उतरले. एका रविवारी आनंदा मुरब्याला पोचला, तर वलांडीपाशी कुंदन. नव्या कॅमेऱ्यावर त्याच्याबरोबर आलेली आखूड लेन्स. पाखरं टप्प्यात येत नाहीत, म्हणून स्वारी बायकांत उकिडवी बसून फोटो काढत होती, आणि त्या बायका त्याला बोंबलाच्या माळा धरायला लावून हसत होत्या. आनंदानं लांबूनच ओळखलं, की फोटो झकास येणार.

कुंदननं त्याला पाहिलं. हातातली बोंबलाची माळ त्यानं वलांडीवर अडकवली.

"अजून जळतोस?"

"जळतो."

"खरं बोलायची सवय लागली म्हणायची." कुंदननं पिशवीत हात घालून लांब लेन्सचा डबा काढला. "आजच्या दिवसापुरती. संध्याकाळी परत पाहिजे. देत नाहीये, नीट ऐक."

"आनि माजा फोटू काडा," ठकी ओरडली. "आनि परत आनून द्या! नायतर ह्यो भाव हायच."

"आणून देतो," आनंदा म्हणाला. या वेळी त्याला पुढचंही वाक्य ऐकू गेलं होतं.

त्यानं ती लेन्स आपल्या दमेकरी कॅमेऱ्याला लावली. ती टक् करून बसली. पाण्याच्या कडेला एक कुरव मान वळवून उभा होता. आनंदानं डोळा लावला. पिसापिसावरचा थेंब दिसत होता, चोचीच्या टोकाचं लाल दिसत होतं, पाखराच्या डोळ्यात अख्खा किनारा मावला होता. श्वास सोडता सोडता बटन दाबायचं, हे ज्यानं दुसऱ्याला शिकवलं, त्याचाच श्वास कोंडला.

'एवढी वर्षं,' त्याच्या मनात आलं, 'एवढी वर्षं हा मेला हे बघत होता!'

खर्र.