राजाचं लॅमिनेशन

माझ्याकडचा जुन्या नोटांचा संग्रह पाण्यात बुडवला तरी त्याला काही होत नाही. बादलीत बुडवा, टाकीत बुडवा. याचं श्रेय माझ्या वडिलांना, आणि थोडं मलाही.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी गारगोटीहून बंगळूरला आलो. शिंप्याचा मुलगा, घराण्यातला पहिला पदवीधर. पदवी हातात आली तेव्हा आप्पांनी ती कोल्हापूरला नेऊन लॅमिनेट करून आणली आणि सगळ्या गल्लीला हात लावू दिला. (पुढे ऑफिसात तिच्यावर शिक्का मारायला गेले, तर तो घसरून साहेबांच्या बाहीवर उमटला.)

जयनगरात आमच्या घराजवळ जुन्या नोटा विकणारे एक अण्णा होते, कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचेच मराठी. मी म्हटलं, "संग्रह सुरू करायचाय, पण पगार बेताचा आहे."

"मग राजा-राणीच्या मागं लागू नका सर. एक रुपयाच्या नोटा घ्या. अर्थसचिव बदलला की नोटेवरची सही बदलते, तेवढं बघत चला. स्वल्प मळक्या असल्या तरी चालतात. फक्त इस्त्री नको, कात्री नको. सरी?"

"सरी," मीही कन्नडात होकार भरला. काही महिन्यांत वीसेक नोटा जमल्या. आणि मग मी राजाच्या मागं लागलो. इंग्रज राजाचं चित्र असलेली दहाची नोट. किंमत आमच्या महिन्याच्या घरभाड्याएवढी!

माझं तोंड बघून अण्णा म्हणाले, "चार दिवस घरी ठेवा. डोळे भरून बघा आणि परत आणा. तुम्ही ती घेणार नाही, ते मला माहीत आहे."

नेमके तेव्हाच आप्पा आमच्याकडे आले. मी त्यांना राजा दाखवला आणि ऐटीत म्हटलं, "आप्पा, हिला नुसती हवा लागली तरी खराब होते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर आप्पा दारातच उभे.

"डोळं मीट."

मी मिटले. हातावर काहीतरी कडक, गुळगुळीत ठेवलं गेलं.

"उघड."

तीन चकचकीत पत्रे. त्यातल्या एकातून राजा माझ्याकडे बघत होता.

"कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडनं केलं. त्याला मराठी येईना, मला कन्नड येईना. मग भितीवरची तुझी पदवीच काढून नेली. म्हटलं, असं कर."

"सगळ्या नोटा?"

"सगळ्या. एका पत्र्यात आठ बसवल्या. त्यो सहाच म्हणत हुता. पन्हा वाया घालवंल त्यो शिंपी कसला?"

मी निरखून पाहिलं. नोटा जरा जास्तच सरळ दिसत होत्या.

"आप्पा, इस्त्री केलीत?"

"मग? चुरगाळलेलंच बसवायचं? पाणी शिंपडून केली."

राजाच्या भोवतालची जागाही कमी वाटत होती.

"आणि कडा?"

"उसवल्या हुत्या. जरा कापून सारख्या केल्या. आता कशा रेडिमेडवानी दिसत्यात!"

स्वयंपाकघरातून डबे पडल्यासारखा आवाज आला. बायको हसत होती.

आप्पांचा चेहरा मात्र पदवी आणली त्या दिवशीसारखा झाला होता. त्या चेहऱ्याला काय सांगणार? "छान झालंय," एवढं म्हणून मी पत्रा पिशवीत घातला, कपाटातलं घरभाड्याचं पाकीट उचललं आणि अण्णांकडे गेलो.

अण्णांनी राजाला उलटंसुलटं केलं, मग टेबलावर वाजवून पाहिलं. टक टक.

"इस्त्री म्हणालो, कात्री म्हणालो," ते हळूच म्हणाले. "हे म्हणायचं सुचलंच नाही सर."

मी पाकीट पुढे केलं. "थोडं कमी करता येईल का?"

"राजा लहान झाला, सर. किंमत नाही झाली."

घरी आप्पा वाट बघत होते. "काय म्हणाला दुकानदार?"

"म्हणाला, असा संग्रह आजवर पाहिला नाही." अण्णा तसं बोलले नव्हते, पण त्यांची नजर तेच म्हणत होती.

आप्पा इतके खूश झाले, की सकाळी एसटीला निघताना पिशवी खाली ठेवून म्हणाले, "तुझं चेकबुक दे बघू. कागद लई पातळ दिसतोय. जाता जाता तेबी करून टाकतो."

मी चेकबुक छातीशी धरलं.

"द्या हो," बायको म्हणाली. "निदान तुमचा संग्रह तरी थांबेल."